नमुना कुणाचा?



"काकू, व्हॉट्सअॅपवर आलेला क्रोशाचा नमुना विणून विकला तर ती चोरी होते का?" हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला चार-पाच जणींनी विचारला. काहींनी हसत विचारला, एकीने रडवेली होऊन विचारला. दरवेळी मी तोंडी काहीतरी सांगत गेले. मग वाटलं, कायदा काय म्हणतो ते एकदा नीट वाचावं, आपला धर्म काय म्हणतो ते आठवावं आणि सलग लिहून काढावं. बी.कॉम.ला आम्हाला व्यापारी कायद्याचा पेपर होता. तो चाळीस वर्षांनी लेस विणणाऱ्या बायकांसाठी उपयोगी पडेल असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. टाका सगळ्यांचा असतो. नमुना कधी सगळ्यांचा असतो, कधी एकीचा. तो कुणाचा हे विचारून घेणं आपलं काम आहे, आणि कायदा विचारत नसला तरी ते करायला हवं.

पूर्वी हा प्रश्न का पडत नव्हता

क्रोशा हा शब्द मूळचा फ्रेंच. सुई बाहेरून आली, पण साखळी, खांब, अर्धा खांब, मुका खांब ही नावं आपल्या बायकांनी दिली. गोव्यात कॉन्व्हेंटमधून ही कला घराघरांत गेली आणि शिरोडा तर गोव्याच्या वेशीवरच. इकडे ख्रिस्ती घरांत टेबलावरचे रुमाल, हिंदू घरांत दाराची तोरणं, आमच्याकडे शास्त्रजींच्या वेष्टनाला लावायची झालर आणि अष्टद्रव्याच्या ताटावर घालायचा रुमाल. दोरा सुती, म्हणजे रेशमाचा प्रश्न नाही, म्हणून मंदिरातही चालतो. लग्नात रुखवत मांडलं की त्यात क्रोशाचा एक तरी तुकडा हवाच.

तेव्हा नमुना यायचा कुठून? मासिकाच्या पानावरून, शेजारणीच्या पदरावरून, नणंदेच्या वहीतून. आवडला की वीतभर तुकडा विणून ठेवायचा. प्रत्येकीच्या ट्रंकेत असे तुकडे टाचलेली एक वही असायची. कुणाचा नमुना उचलला म्हणून भांडण झाल्याचं मी ऐकलेलं नाही. कारण साधं होतं. जिचा नमुना ती समोर बसलेली असायची आणि स्वतःच्या हाताने शिकवायची. ती देत होती, आपण घेत होतो. शिवाय विणलेलं कुणी विकत नव्हतं. ते लेकीच्या रुखवतात जायचं, नाहीतर बाळाच्या टोपड्याला लागायचं.

आता दोन्ही बदललं. देणारी समोर नसते, मोबाईलवर नुसता फोटो येतो. आणि विणलेलं विकलं जातं. बचत गटाच्या स्टॉलवर, पर्यटकांच्या हंगामात किनाऱ्याजवळच्या दुकानांत, इन्स्टाग्रामवर. जिथे विक्री आली तिथे "कुणाचं?" हा प्रश्न येणारच.

सुरंगीची लेस

रडवेली होऊन विचारणारी मुलगी आमच्याच गल्लीतली. तिचं नाव लिहीत नाही. आमच्या शिरोडा-आरवली-आसोली भागात सुरंगीचे गजरे होतात हे इकडच्यांना सांगायला नको. बाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगते: लहान, पिवळसर फूल, कळ्या पहाटे काढायच्या, गजरा वाळला तरी वास जात नाही. या मुलीने त्या गजऱ्यावरून लेस बसवली. कळी गोल दिसावी, पण धुतल्यावर चपटी होऊ नये, दोन कळ्यांमध्ये साखळ्या किती घ्याव्यात, कडेला ओढ येऊ नये म्हणून कुठे मुका खांब घालावा, हे सगळं तिने तीन महिने उसवून-विणून ठरवलं. साडीच्या काठाला, ब्लाउजच्या बाहीला, तोरणाला अशी ती लेस लावून तिने दोन डझन वस्तू विकल्या असतील. फोटो इन्स्टाग्रामवर टाकले.

पुढच्या हंगामात एका दुकानात तीच लेस, तेच तोरण, वर लेबल "आमचं स्वतःचं डिझाइन". दुकानदाराने फोटो दाखवून दुसऱ्या बायकांकडून नगावर मजुरी देऊन विणून घेतलं होतं. किंमत तिच्यापेक्षा कमी. तिने जाऊन विचारलं तर उत्तर मिळालं, "फुलावर तुझा मालकी हक्क आहे का?"

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. पण त्या दुकानदाराचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. सुरंगीच्या फुलावर खरंच कुणाचा हक्क नाही. मग तिचं नेमकं काय गेलं?

कायदा काय देतो

आपल्या देशात कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. त्यात हक्क मिळवायला नोंदणी करावीच लागते असं नाही. काम निर्माण झालं की हक्क आपोआप येतो. आता एखाद्या नमुन्याच्या पानाकडे बघा. त्यावर लिहिलेली कृती असते (तीन साखळ्या, पुढच्या घरात दोन खांब वगैरे), चिन्हांचा तक्ता असतो आणि तयार वस्तूचा फोटो असतो. लिखाण, चित्र आणि फोटो, तिन्हींना कॉपीराइट लागू होतो. म्हणून कुणी पैसे घेऊन विकत असलेल्या नमुन्याची पीडीएफ तुम्ही गटात पुढे ढकलली तर ते सरळसरळ बेकायदा आहे. "सगळ्या जणी पाठवतात" हे त्यावर उत्तर होत नाही.

या हक्काची मुदत लिहिणाऱ्याचं आयुष्य अधिक साठ वर्षं. आमच्या गावातलंच उदाहरण देते. वि. स. खांडेकर १९२० मध्ये शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत इथे राहिले. त्यांचं निधन १९७६ मध्ये झालं, म्हणजे त्यांच्या पुस्तकांचा कॉपीराइट २०३६ अखेरपर्यंत चालेल. त्यांच्या पुस्तकांच्या हक्कांवरून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत वादही गेला. लिहिलेल्या शब्दाचं मोल कायद्याला इतकं समजतं.

विणलेल्या टाक्याचं मात्र तसं नाही. साखळी, खांब, अननसाचा नमुना, जाळी या पद्धती आहेत आणि पद्धतीवर, कल्पनेवर कॉपीराइट नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या नाटकाच्या खटल्यात हे स्पष्ट केलं: कल्पनेला संरक्षण नाही, ती ज्या रूपात मांडली त्या रूपाला आहे. म्हणजे "सुरंगीच्या गजऱ्यासारखी लेस" ही कल्पना कुणीही घ्यावी. पण तिने ज्या रूपात ती बसवली ते रूप तिचं.

आणि छापील कृतीवरून वस्तू विणणं? पुस्तकात वाचून लाडू वळले म्हणून पुस्तक चोरलं असं होत नाही. पण त्या पानाची झेरॉक्स काढून विकली तर होतं. एक अडचण आहे, ती सांगायला हवी. एखादा तक्ता नुसती कृती न राहता स्वतंत्र चित्र म्हणावं इतका वेगळा असेल, तर त्या चित्रावरून वस्तू बनवण्याचा हक्कही कायद्याने चित्रकाराकडेच ठेवला आहे. म्हणून नवा, ओळखू येणारा नमुना विकायला विणणार असाल तर विचारून घेतलेलं बरं. काही जणी नमुन्यावर "घरासाठी विणा, विक्रीसाठी नको" असं लिहितात. ती अट वाचून आपण नमुना विकत घेतला, म्हणजे आपण शब्द दिला. दिलेला शब्द पाळायचा.

पन्नासची रेघ

आता खरी मेख. याच कायद्याचं कलम १५(२) म्हणतं की एखादं डिझाइन नोंदवता येण्यासारखं असूनही नोंदवलं नाही, आणि ते लावलेली वस्तू मालकाने किंवा त्याच्या परवानगीने दुसऱ्या कुणी औद्योगिक प्रक्रियेने पन्नासपेक्षा जास्त वेळा तयार केली, की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. एक्कावन्नावी वस्तू झाली की संपलं. आयुष्य अधिक साठ वर्षं वगैरे काही नाही.

हे कागदावरच राहिलेलं नाही. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात तहिलियानी डिझाइनच्या कपड्यांचा खटला झाला. तिथे प्रत्येक कपड्याच्या वीसपेक्षा कमी प्रती झाल्या होत्या, म्हणून कॉपीराइट टिकला. २०१६ मध्ये त्याच न्यायालयात रितिका या कंपनीने बिबाविरुद्ध दावा केला. तिथे प्रती पन्नासच्या वर गेल्या होत्या आणि डिझाइन नोंदवलेलं नव्हतं, म्हणून कॉपीराइटचा दावा टिकला नाही.

तुम्ही म्हणाल, आपण तर हाताने विणतो, आपलं कुठे औद्योगिक? माझ्याही मनात तेच आलं. पण डिझाइन कायदा २००० मधली व्याख्या वाचली तर त्यात यंत्राबरोबर हाताने केलेल्या कामाचाही उल्लेख आहे. म्हणजे हातकामाचं डिझाइन नोंदवता येतं. नोंदणीच्या वर्गवारीत लेसला चक्क स्वतःचा रकाना आहे: वर्ग ५, उपवर्ग ०५-०२. वैयक्तिक अर्जाची फी १००० रुपये. संरक्षण दहा वर्षं, आणखी पाच वर्षं वाढवून मिळतं. मात्र नोंदवता येतं म्हटलं की "मग नोंदवलं का नाही?" हा प्रश्नही आलाच. हाताने विणलेल्या पन्नास तोरणांना "औद्योगिक प्रक्रिया" म्हणायचं की नाही, यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलू शकतील. गल्लीतल्या मुलीला त्या वादात उभं राहणं परवडणारं नाही.

नोंदणीतली सगळ्यात महत्त्वाची अट आपल्या बायकांना कुणी सांगत नाही. डिझाइन नवीन हवं, आधी कुठेही जाहीर झालेलं नसावं. देशात नाही आणि परदेशातही नाही. म्हणजे इन्स्टाग्रामवर फोटो आधी आणि अर्ज नंतर, असं झालं की नोंदणीची वाट बंद. आधी अर्ज, मग फोटो. एवढं एक वाक्य जरी या लेखातून लक्षात राहिलं तरी पुरे.

आमच्या सुरंगीवालीच्या बाबतीत हिशेब असा: वस्तू दोन डझनच, म्हणजे पन्नासच्या आत. दुकानदाराने परवानगीशिवाय केलेल्या प्रती तिच्या खात्यात मोजल्या जात नाहीत. तेव्हा तिच्या बाजूने मुद्दा उभा राहतो. पण तिने तक्ता कागदावर काढलेला नव्हता, सगळं बोटांत आणि डोक्यात. पुरावा म्हणून इन्स्टाग्रामच्या फोटोंच्या तारखा तेवढ्या आहेत. आणि वकिलाची फी तिच्या वर्षभराच्या कमाईपेक्षा जास्त. तिने केस केली नाही. तो नमुना विणणंच सोडून दिलं. मला जास्त लागलं ते हे. दुकानदाराचे चार पैसे गेले-आले, पण एक नवा नमुना जिच्या हातून आला तिचाच हात थांबला.

नावाचं रक्षण, नमुन्याचं नाही

"मग जीआय टॅग घ्या," असं आजकाल कुणीही सांगतं. भौगोलिक निर्देशनाचा कायदा १९९९ चा, २००३ पासून लागू. आपल्या देशात लेसला तो मिळालेलाही आहे: आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशा लेसला, २०२४ मध्ये. गोदावरीच्या मुखाजवळचा हा भाग. एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश मिशनरींनी तिथे ही कला आणली आणि पुढे हजारो घरांतल्या बायका परदेशी बाजारासाठी विणू लागल्या. जर्मन अभ्यासक मारिया मीस यांनी त्यांच्यावर लिहिलेलं पुस्तक १९८२ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातली एक गोष्ट प्रत्येक गृहिणीने लक्षात ठेवावी. या बायका दिवसाचे कित्येक तास विणायच्या, पण त्यांना कामगार कुणी म्हणत नव्हतं. त्या "घरी बसलेल्या", लेस हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग. त्यामुळे मजुरी अगदी तुटपुंजी आणि व्यापार पुरुषांच्या हातात. काम तुकड्यातुकड्यांत वाटलेलं, एकीने फुलं विणायची, दुसरीने जोडायची. अख्खा नमुना ठरवणारा व्यापारी, म्हणून नमुन्यावर विणणारीचं नावच नाही.

जीआयने तिथे काय मिळालं? नाव मिळालं. दुसरीकडची लेस "नरसापूरची" म्हणून विकता येणार नाही. पण तोच नमुना यंत्रावर काढून नुसती "लेस" म्हणून विकला तर जीआय आड येत नाही.

हे आपल्याला कोल्हापुरी चपलेच्या वेळी दिसलंच. माझं माहेर त्या बाजूचं, म्हणून मी ते प्रकरण रोज वाचत होते. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय मिळालेला, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या शोमध्ये हुबेहूब तशा चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नाव न घेता. लोक चिडले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, ती जुलैमध्ये फेटाळली गेली. दाद मागायची तर जीआयच्या नोंदणीकृत मालकांनी मागावी, म्हणजे लिडकॉम आणि लिडकर या दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांनी. पण कंपनीला लोकांच्या बोलण्यापुढे मूळ भारतीय असल्याचं मान्य करावं लागलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये याच दोन महामंडळांशी करार करावा लागला. कोर्टात जे झालं नाही ते लोकलाजेने झालं. "हे आमच्याकडचं आहे, नाव घ्या" असं सगळ्यांनी मिळून म्हटलं की त्यालाही वजन येतं. कोर्टाची पायरी चढू न शकणाऱ्या बायकांना हे जवळचं हत्यार आहे.

पाणी आणि माती

आता आपल्या धर्माकडे येते. हा प्रश्न मुळात तिथलाच आहे. अचौर्य अणुव्रताची व्याख्या आपण लहानपणापासून ऐकतो: न दिलेलं घेणं म्हणजे चोरी. कायद्यात चोरीसाठी मालक हवा, नोंद हवी, प्रती मोजायला हव्यात. व्रतात एकच प्रश्न आहे, "दिलं होतं का?" पन्नास प्रती झाल्यावर कायद्याचा हक्क संपेल, पण त्यामुळे त्या मुलीने नमुना "दिला" असं होत नाही.

पण म्हणून सगळंच चोरी ठरवायचं का? नाही. पंडित दौलतरामजींच्या छहढाळ्यात श्रावकाचं हे व्रत सांगताना पाणी आणि माती यांना सूट दिलेली आहे. नदीचं पाणी, वाटेवरची माती सगळ्यांची. ती घ्यायला कुणाला विचारावं लागत नाही. संसारी माणसाचं व्रत व्यवहारात पाळता येईल असं बांधलेलं आहे, हे मला त्यात नेहमी आवडतं.

लेसला हाच नियम लावून बघा. साखळी, खांब, अननस, जाळी, जुन्या वहीतला कोयरीचा काठ, हे पाणी आणि माती. पिढ्यान्‌पिढ्या वाहत आलेलं. कुणीही घ्यावं, विणावं, विकावं. त्या मातीतून एखादीने घडा घडवला तर घडा तिचा. सुरंगीचं फूल माती, सुरंगीची लेस घडा. दुकानदाराच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं.

ही तुलना दुसऱ्या बाजूनेही लागू होते. हल्ली काही जणी जुन्या अननसाच्या नमुन्याचा नवा फोटो काढतात, खाली आपलं नाव घालतात आणि "कॉपी करू नये" असं लिहितात. विहिरीला कुलूप लावण्यातला हा प्रकार. आजीच्या वहीतून आलेलं "माझं" म्हणणं म्हणजेही न दिलेलं घेणंच, फक्त एकीच्या ऐवजी सगळ्यांकडून. हक्काची भाषा शिकताना हा मोह टाळायला हवा.

वाटून घेण्याचं मोलही विसरू नये. जवळच सावंतवाडीला गंजिफाची कला बंद पडायच्या बेतात होती. दशावतारी गंजिफाचे १२० पत्ते हाताने रंगवणारे जुने कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती समजून घेतली, राजवाड्यात काम सुरू केलं आणि १९७० च्या दशकापासून ती पुन्हा चालू लागली. त्या वृद्ध कारागिराने विद्या मुठीत ठेवली असती तर आज काही उरलं नसतं. त्यांनी दिली आणि घेणाऱ्यांनी त्यांचं नाव ठेवलं. देणं आणि नाव ठेवणं, दोन्ही झालं म्हणून ते व्यवहार म्हणूनही स्वच्छ राहिलं.

अचौर्याचे अतिचार सांगताना शास्त्रकारांनी तर जणू आजचा बाजारच बघून ठेवला आहे. दुसऱ्याला चोरीला लावणं (स्तेनप्रयोग), चोरून आणलेलं विकत घेणं (तदाहृतादान), खऱ्याच्या जागी तसंच दिसणारं खपवणं (प्रतिरूपक व्यवहार). फोटो दाखवून "अस्संच विणून दे" म्हणणारा पहिल्यात बसतो. माहीत असूनही स्वस्त मिळतं म्हणून घेणारी गिऱ्हाईक दुसऱ्यात. यंत्राची लेस "हातची" म्हणून विकणारा तिसऱ्यात. नगावर मजुरी घेऊन विणणाऱ्या बायकांना मात्र मी दोष देणार नाही. त्यांना फोटो कुणाचा हे कुणी सांगितलेलं नसतं.

थोडा हिशेब

कॉमर्सवालीने हिशेब न मांडता लेख संपवला तर पदवी फुकट गेली म्हणायची. मी स्वतः विणलेल्या एका मध्यम तोरणाला दोरा लागतो २०० रुपयांचा आणि वेळ साधारण ३० तास. ते ८०० रुपयांना गेलं तर हातात राहिले ६००, म्हणजे तासाला २० रुपये. यात नमुना बसवायला गेलेल्या वेळाचा एक पैसा नाही. कंपनीच्या ताळेबंदात गुडविल, ट्रेडमार्क, डिझाइन ही अमूर्त मालमत्ता म्हणून दाखवतात. बाईच्या बोटांतला नमुना मात्र कुठल्याच खात्यात येत नाही. न नोंदलेली मालमत्ता उचलली गेली तर तोटाही नोंदला जात नाही. "अगं, लेसच तर आहे" असं लोक सहज म्हणतात ते त्यामुळे.

म्हणून मला वाटतं, नवा नमुना बसवणारीने तो मालमत्ता म्हणून मांडायला शिकावं. मागायचं ते थोडंच असेल, पण मागावं. एखाद्या दुकानाला तो नमुना हवा असेल तर वस्तूमागे ठराविक रक्कम नमुन्याची म्हणून वेगळी ठरवता येते, आणि ते कागदावर लिहून घेता येतं.

मग करायचं काय

नवा नमुना बसवलात तर तक्ता कागदावर काढा, तारीख घाला, सही करा, उसवलेले तुकडेही जपून ठेवा. तेच पुढे पुरावा होतात. नमुना खरोखर वेगळा असेल आणि पन्नासच्या वर विकायचा विचार असेल, तर फोटो टाकण्याआधी डिझाइनच्या नोंदणीचा अर्ज करा. एकटीला जड जात असेल तर गटाने मिळून खर्च करावा.

दुसरीचा नमुना विणायचा असेल तर विचारा. बहुतेक जणी "विण की!" असंच म्हणतात, आणि त्या एका वाक्याने घेणं बदलून देणं होतं. विकत मिळणारी पीडीएफ पुढे पाठवू नका, कुणी गटात टाकली तर गोड शब्दांत काढायला सांगा. जुना नमुना असेल तर "पारंपरिक" लिहा, आणि कुणाकडून शिकलात ते नाव लिहा. विकत घेणाऱ्यांनीही विचारावं, "हे कुणी बसवलं?" दुकानदाराला दहा गिऱ्हाइकांनी हे विचारलं तर अकराव्या वेळी लेबलावर नाव येईल.

आमच्या बचत गटात आता एक ठराव केलाय. स्टॉलवरच्या प्रत्येक वस्तूला छोटी चिठ्ठी: विणणारीचं नाव आणि नमुना कुणाचा. काही चिठ्ठ्यांवर "आजीच्या वहीतून" असंही असतं. सुरंगीवालीला मी म्हटलं, तुझा नमुना तुझ्या नावाने मी विणते, चिठ्ठी लावून. तिने अजून हो म्हटलेलं नाही. ती हो म्हणेपर्यंत मी विणणार नाही.

तुमच्याकडे कुठला नमुना कुणाकडून आला, ते नावासकट मला जरूर कळवा.

जय जिनेंद्र!